दिवा लागला, भाग बदलला

सिंगापूरमध्ये मोटारीच्या बाबतीत सगळे मोजूनमापून चालते. रस्त्यावर किती गाड्या असाव्यात हे सरकार ठरवते. मे १९९० पासून नवी गाडी घेणाऱ्याला आधी बोली लावून 'सीओई' नावाचा दहा वर्षांचा हक्क विकत घ्यावा लागतो. फेब्रुवारी २०१८ पासून तर मोटारींची संख्या वाढूच द्यायची नाही असे धोरण आहे. जेवढ्या मोडीत निघतील साधारण तेवढ्याच नव्या येतील. ऑक्टोबर २०२३ मध्ये या हक्काची बोली छोट्या गाड्यांच्या गटात १,०६,००० आणि मोठ्या गाड्यांच्या गटात १,५०,००१ सिंगापूर डॉलरवर पोचली होती. गाडीची किंमत आणि कर याहून वेगळे. शहराच्या मध्यभागात शिरण्याचे पैसे १९७५ पासून घेतले जातात, १९९८ पासून ते कमानीखालून जाताना आपोआप कापले जातात. गाडी तीन वर्षांची झाली की दर दोन वर्षांनी आणि दहा वर्षांची झाली की दरवर्षी ती तपासणी केंद्रावर हजर करावी लागते. इतक्या काटेकोर व्यवस्थेत एक कागद मात्र अजून मोघमच आहे, तो म्हणजे गॅरेजचे बिल. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, स्कॅनर जोडला जातो, पडद्यावर 'पी ०१०१' उमटते आणि बिलावर 'एअर फ्लो सेन्सर बदलला' एवढी एक ओळ येते. का बदलला, बदलण्याआधी काय मोजले, बदलल्यावर काय फरक पडला, यातले काहीच त्या ओळीत नसते. या मोघमपणाचे खापर एकट्या गॅरेजवर फोडता येणार नाही. आपण सुट्या भागाचे पैसे खळखळ न करता देतो आणि निदानाचे मागितले की भुवया उंचावतो. निदानाला बिलावर स्वतःची किंमत आणि स्वतःचा पुरावा मिळत नाही, तोवर धडधाकट सेन्सर भंगारात जात राहणार आणि बिघाड गाडीतच राहणार, असे माझे म्हणणे आहे.

आधी त्या कोडकडे पाहू. हे कोड ज्या ओबीडी-२ पद्धतीचे आहेत ती अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली. युरोपात तिचा तिथला अवतार पेट्रोल गाड्यांना २००१ पासून लागू झाला, भारतात ती एप्रिल २०१३ पासून आली. हवा मोजणाऱ्या सेन्सरसाठी तिच्यात कोडचे एक लहानसे कुटुंबच आहे. पी ०१०० म्हणजे सर्किटमध्ये गडबड, पी ०१०२ म्हणजे सिग्नल फार खाली, पी ०१०३ म्हणजे फार वर. यांतही तुटलेली वायर, हिरवा गंज चढलेले सॉकेट किंवा सुटलेली अर्थ असू शकते, पण बोट किमान विजेच्या बाजूकडे असते. पी ०१०१ ची जात निराळी आहे. हवेची वाट कमी-जास्त उघडणारा थ्रॉटल किती उघडा आहे, इंजिन किती वेगाने फिरते आहे, यावरून इंजिनाचा संगणक आत येणाऱ्या हवेचा अंदाज बांधतो आणि सेन्सरने दिलेला आकडा त्या अंदाजाशी ताडून पाहतो. दोन्ही जुळले नाहीत की कोड नोंदवतो. म्हणजे तो एवढेच सांगतो की हिशेब जुळत नाही. चूक कोणाची, हे त्याला ठाऊक नसते. सोसायटीच्या फाटकावरच्या वहीत बारा पाहुण्यांची नोंद आहे आणि गच्चीवर पंधरा जण जेवताहेत, तर रखवालदार झोपला होता की मागचे दार उघडे होते हे आधी बघायला हवे. रखवालदाराला काढून टाकल्याने मागचे दार बंद होत नाही.

हा रखवालदार नेमका काय करतो ते पाहिले की त्याच्यावरचे आरोप तपासणे सोपे जाते. पेट्रोल इंजिनात एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. किती पेट्रोल फवारायचे हे त्यामुळे आत आलेल्या हवेच्या वजनावर ठरते. आकारमान कळून भागत नाही, कारण तेवढ्याच जागेत थंड हवा जास्त मावते आणि गरम हवा कमी. बॉश या जर्मन कंपनीने १९७४ मध्ये आणलेल्या एल-जेट्रॉनिक पद्धतीत हवेच्या झोताने ढकलली जाणारी एक झडप होती. 'एल' म्हणजे 'लुफ्ट', जर्मन भाषेतली हवा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एलएच-जेट्रॉनिक आले. त्यातला 'एच' तापलेल्या तारेचा. हवेच्या वाटेत प्लॅटिनमची केसासारखी तार ताणून बसवायची, विजेने ती हवेपेक्षा ठरावीक अंशांनी जास्त गरम ठेवायची आणि वाहत्या हवेने ती निवू लागली की पुन्हा तेवढीच गरम ठेवायला किती वीज लागते ते पाहायचे. बशीतल्या चहावर फुंकर जितक्या जोरात तितका तो लवकर निवतो, त्याच न्यायाने लागलेल्या विजेवरून हवेचे वजन कळते. हलणारा भाग एकही नाही. तारेवर घाण बसली की मात्र मोजमाप चुकते. हे बॉशच्या अभियंत्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते, म्हणून त्या रचनेत इंजिन बंद केल्यावर क्षणभर तार सुमारे हजार अंशांपर्यंत लाल करून धूळ जाळून टाकत. पुढे तारेच्या जागी पातळ पापुद्रा आला, त्याला ही अग्निपरीक्षा नाही. त्यामुळे आजच्या सेन्सरवर घाण बसणे ही खरी तक्रार आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही.

पण ती खरी आहे की नाही, हे मोजता येते. सगळ्या वादाचा मुद्दा इथेच आहे. १६०० सीसीचे इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल तर दर दोन फेऱ्यांत ते आपल्या आकारमानाएवढी हवा ओढते, म्हणजे सेकंदाला ८० लिटर. सिंगापूरच्या समुद्रसपाटीवरच्या दमट, तीस-एकतीस अंशांच्या हवेचे एक लिटर साधारण १.१५ ग्रॅम भरते. गुणाकार केला की ९२ ग्रॅम येतात. कोणतेही साधे इंजिन शंभर टक्के भरत नाही. ८५ टक्के धरले तर थ्रॉटल पूर्ण उघडा असताना सेन्सरने सेकंदाला ७८ ग्रॅमच्या आसपास दाखवायला हवे. हीच गाडी सुमारे १३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला नेली तर हवा विरळ होते आणि तोच आकडा ६८ च्या घरात येतो. हे गणित आठवीतल्या मुलाला जमेल असे आहे, त्याला कंपनीचे गुपित लागत नाही. जागेवर उभ्या, गरम झालेल्या याच इंजिनात सेकंदाला दोन ते चार ग्रॅम दिसतात, एसी चालू असेल तर थोडे वर. आणि सिंगापुरात एसी बंद असलेली गाडी शोधावीच लागेल. हे दोन आकडे स्कॅनरच्या पडद्यावर कोडच्या शेजारीच मिळतात. ७८ च्या जागी ५० दिसले तर सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे. ७६ दिसले तर सेन्सर खरे बोलतो आहे, भानगड दुसरीकडे आहे.

दुसरीकडे म्हणजे कुठे? सेन्सर एअर फिल्टरच्या डब्यालगत असतो आणि तिथून थ्रॉटलपर्यंत रबराची नळी जाते. तिच्या घड्यांत चीर पडली किंवा तिची क्लिप सैल राहिली, की न मोजलेली हवा वाटेतच आत शिरते. थ्रॉटलच्या पुढे इंजिन हवा ओढते, तिथे तर बारीक फटही पुरते: ब्रेकच्या बूस्टरला जाणारा पाइप, इंजिनातली वाफ परत आत नेणारा होज, मॅनिफोल्डचे गॅस्केट. कोणत्याही वाटेने आली तरी परिणाम तोच. सेन्सरने मोजली त्यापेक्षा हवा जास्त, पेट्रोल मात्र मोजलेल्या हवेपुरतेच. धुराच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि संगणक पेट्रोल वाढवतो. ही वाढ टक्क्यांत नोंदली जाते, तिला गॅरेजमध्ये फ्युएल ट्रिम म्हणतात. ती पाच-सात टक्के इकडेतिकडे असणे नेहमीचे आहे. वीस-पंचवीसवर गेली की मिश्रणात पेट्रोल कमी पडत असल्याचा पी ०१७१ हा कोड येतो. आणि गंमत अशी की हाच कोड मळलेल्या सेन्सरमुळेही येतो, कारण मळलेला पापुद्रा हवा कमी दाखवतो.

मग फरक कसा करायचा? ट्रिम केव्हा वाढते ते पाहून. समजा थ्रॉटलच्या पुढच्या एखाद्या फटीतून सेकंदाला एक ग्रॅम हवा चोरून येते. उभ्या गाडीत तीन ग्रॅमच्या हिशेबात एक ग्रॅम म्हणजे तिसरा हिस्सा. गाडी पळू लागली आणि चाळीस ग्रॅम हवा जाऊ लागली की तो एक ग्रॅम कुठल्या कुठे विरतो. म्हणून गळती असेल तर ट्रिम उभ्या गाडीत चढलेली असते आणि वेग घेतल्यावर उतरते. मळलेल्या सेन्सरचे उलटे, त्याची चूक भार वाढेल तशी मोठी होते. एवढ्यावर निकाल द्यावा असे वाटेल, पण थांबायला हवे. दमलेला पेट्रोल पंप किंवा तुंबलेला फिल्टर यांचेही लक्षण भार पडल्यावरच दिसते, तेव्हा आधी काढलेला ७८ चा आकडा आणि इंधनदाबाचा गेज दोन्ही लागतात. सेन्सर आणि थ्रॉटल यांच्यामधल्या रबरी नळीची चीर तर आणखी लबाड. गाडी उभी असताना ती मिटलेली असते, गिअर टाकून इंजिन कलले की उघडते. तिच्यासाठी नळीत हलक्या दाबाने धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघण्यासारखी सरळ युक्ती नाही. हे सगळे मिळून अर्धा-पाऊण तासाचे काम आहे. त्यात कौशल्य आहे, पण जादू काही नाही, आणि त्यातला प्रत्येक टप्पा कागदावर उतरवता येतो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप व्यवहाराचा आहे. मजुरी महाग असलेल्या शहरात पाऊण तास शोधत बसण्यापेक्षा दोन स्क्रू काढून नवा सेन्सर बसवणे स्वस्त नाही का? दहा मिनिटांचे काम, ग्राहकही मोकळा. सेन्सरच दोषी असेल तर हा हिशेब बरोबर आहे. पण तो दोषी नसेल तर कळणार कसे, हा प्रश्न उरतो. आणि इथे ही यंत्रणा भल्याभल्यांना फसवते. भाग बदलल्यावर कोड पुसला जातो, त्याबरोबर संगणकाने आजवर शिकलेली ट्रिमही पुसली जाते. पुढे बहुतेक कोडांच्या बाबतीत दिवा लागण्यासाठी तोच दोष लागोपाठच्या दोन फेऱ्यांत दिसावा लागतो. म्हणजे फाटलेली नळी तशीच असली तरी गाडी काही दिवस बिनदिव्याची धावते आणि तोवर बिल चुकते झालेले असते. याहून सूक्ष्म फसगत अशी की सेन्सर काढताना मेकॅनिक सॉकेट उपटून पुन्हा दाबून बसवतो, नळी सोडवून क्लिप नव्याने आवळतो. बिघाड खरोखर त्या सैल सॉकेटमध्ये किंवा क्लिपमध्ये असेल तर गाडी कायमची बरी होते आणि श्रेय नव्या सेन्सरला जाते. मेकॅनिकच्या डोक्यात मग एक नियम पक्का होतो, 'हा कोड आला की सेन्सर बदला, गाडी बरी होते', आणि पुढच्या वीस गाड्यांवर तो लावला जातो. यात लबाडी असेलच असे नाही. बदलण्याआधी आणि नंतर मोजले नाही की प्रामाणिक माणूसही चुकीचाच धडा शिकतो.

सिंगापूरच्या परिस्थितीत ही चूक अधिक महाग पडते. दहा वर्षे पूर्ण झाली की मालकापुढे दोन वाटा असतात. गाडी मोडीत काढून कराचा काही हिस्सा परत घ्यायचा, किंवा मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी बोलीएवढे पैसे भरून पाच किंवा दहा वर्षांची मुदतवाढ घ्यायची. पाच वर्षांची घेतली तर पुढे पुन्हा वाढ नाही. नव्या गाडीच्या बोलीचे आकडे पाहून मुदतवाढ घेणारे बरेच असतात, म्हणून त्या चकचकीत शहरात बारा-पंधरा वर्षांच्या गाड्याही धावताना दिसतात. अशा गाडीत आधी काय म्हातारे होते? सेन्सरमध्ये झिजण्यासारखे काही नाही. रबर मात्र बाराही महिने तिशीतल्या तापमानात आणि बॉनेटखालच्या त्याहून कितीतरी जास्त उष्णतेत कडक होत जाते. जेमतेम पन्नास किलोमीटर लांबीच्या बेटावर फेऱ्याही आखूड, म्हणजे इंजिन तापणे-निवणे सतत चालू. जुन्या गाडीत पी ०१०१ किंवा पी ०१७१ आला तर शहाण्या माणसाचा पहिला हात नळीवर जायला हवा. वार्षिक तपासणीत हे आपोआप सापडेल असे मानणेही भाबडेपणाचे आहे. पेट्रोल गाडीचा धूर तिथे ती जागेवर उभी असताना मोजला जातो. भार पडल्यावर खोटे बोलणारा सेन्सर त्या वेळी साळसूदपणे गप्प असतो आणि उरलीसुरली चूक ट्रिम झाकून टाकते.

कायदा काही करत नाही का? बरेच करतो, आणि मला सिंगापूरचे उदाहरण बोलके वाटते ते त्यामुळेच. २००४ पासून लागू असलेल्या तिथल्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या यादीत, गरज नसताना एखादा भाग किंवा दुरुस्ती गरजेची असल्याचे सांगणे ही अनुचित प्रथा म्हणून नोंदली आहे. सप्टेंबर २०१२ पासून सदोष मालासाठीचा 'लेमन लॉ'ही आहे. पण चुकीने बदललेला सेन्सर सदोष नसतोच. तो उत्तम चालतो, फक्त त्याची गरज नव्हती. आणि गरज नव्हती हे सिद्ध करायला जुन्या सेन्सरचे आकडे लागतात, जे कुणी लिहून ठेवलेले नाहीत आणि जुना सेन्सर कधीच कचऱ्यात गेलेला आहे. डिसेंबर २०१७ मध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाच्या हस्तक्षेपानंतर मोटार विक्रेत्यांनी वॉरंटीतली एक जाचक अट काढून टाकली. बाहेरच्या गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग केले तर वॉरंटी गेली, असा तिचा अर्थ होता. सिन मिंग, काकी बुकित, उबी या भागांतल्या बहुमजली इमारतींत दाटीवाटीने वसलेल्या स्वतंत्र गॅरेजना त्यामुळे दार उघडे झाले आणि ते योग्यच झाले. युरोपने २००७ च्या नियमाने, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ च्या कायद्याने दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजपर्यंत पोचवण्याची सोय केली. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात सुटे भाग आणि निदानाची साधने अडवून धरल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे त्यावर अपिले झाली. हे सगळे निर्णय ग्राहकाला गॅरेज निवडण्याची मुभा देतात. निवडलेल्या गॅरेजने निदान केले की अंदाज बांधला, हे ओळखण्याचे साधन त्यातून मिळत नाही. ज्या स्वतंत्र गॅरेजसाठी ही दारे उघडली, तिथेही बिल भागाच्या किमतीवरच उभे राहत असेल, तर बदलले काय? फक्त पाटी.

गॅरेजवाल्यांचा आक्षेपही ऐकायला हवा, कारण तो खरा आहे. ग्राहक निदानाचे पैसे देत नाही. 'नुसते बघितले त्याचे कसले पैसे', हे वाक्य कोकणापासून काकी बुकितपर्यंत कुठल्याही भाषेत ऐकू येईल. डॉक्टरने तपासून 'काही झालेले नाही, दोन दिवस पेज खा' असे सांगितले तरी आपण फी देतो, मेकॅनिकने नळीला एक क्लिप लावून गाडी चालू केली तर ती फुकटात व्हावी असे वाटते. अशा बाजारात नळी शोधणारा उपाशी राहतो आणि सेन्सर विकणारा तरतो. चांगला माणूसही मग हळूहळू विकणाऱ्यांच्या रांगेत जातो. म्हणूनच मला वाटते की सुधारणेची सुरुवात दरपत्रकातून व्हावी. निदानाचा ठरलेला दर दर्शनी भागात लावावा, तो दुरुस्ती केली नाही तरी द्यावा लागेल हे आधीच सांगावे, आणि त्या पैशांच्या बदल्यात ग्राहकाला कागद मिळावा. त्यावर कोड, उभ्या गाडीतला आणि भाराखालचा हवेचा आकडा, दोन्ही वेळची ट्रिम आणि धुराची चाचणी केली असेल तर तिचा निष्कर्ष असावा. भाग बदलला तर तेच आकडे पुन्हा, शेजारच्या रकान्यात, आणि जुना भाग ग्राहकाच्या हातात. स्कॅनर हे आकडे जतन करतोच. त्यांचा फोटो काढायला मिनिटभरही लागत नाही, म्हणजे 'वेळ कुठून आणायचा' ही सबब इथे फार टिकत नाही.

स्वस्त स्कॅनर आता कुणीही मोबाइलला जोडू शकतो, मग गॅरेजची गरजच काय, असे म्हणणारेही आहेत. आकडे वाचणारा ग्राहक मला आवडेल, पण घरच्या घरी दुरुस्तीचा उत्साह जपून. सेन्सर साफ करायचा तर त्याच्यासाठीच बनवलेला, मागे काही न ठेवता उडून जाणारा स्प्रे वापरावा लागतो. कार्बुरेटर धुण्याच्या स्प्रेने किंवा कानकोरण्याच्या कापसाने तो पापुद्रा कायमचा जाऊ शकतो. तेल लावून वापरायच्या शौकीन फिल्टरला हात सैल सोडून तेल चोपडले तर तेच तेल सेन्सरवर जाऊन बसते. आणि स्वस्तात मिळालेला नकली सेन्सर गाडीत बसतो, चालतोही, पण त्याचा हवा आणि सिग्नल यांचा मेळ कंपनीच्या तक्त्याशी जुळत नाही. त्याचा पुरावाही पुन्हा ट्रिमच्या आकड्यातच मिळतो.

राहिला विजेच्या गाड्यांचा मुद्दा. सिंगापूरने १ जानेवारी २०२५ पासून नव्या डिझेल मोटारी आणि टॅक्सींची नोंदणी बंद केली, २०३० पासून नवी गाडी स्वच्छ ऊर्जेचीच असावी लागेल आणि २०४० पर्यंत सगळ्याच गाड्या तशा व्हाव्यात असे ठरवले आहे. मग हवा मोजणाऱ्या सेन्सरची एवढी चर्चा कशाला? एक तर त्या 'स्वच्छ' गटात हायब्रिडही मोडते, आणि हायब्रिडमध्ये इंजिन असते, त्याला हवा मोजूनच लागते. दुसरे अधिक महत्त्वाचे. विजेच्या गाडीतही कोड येतातच. इन्सुलेशन कमी झाल्याचा कोड बॅटरीपासून एसीच्या कॉम्प्रेसरपर्यंत कुणामुळेही उमटू शकतो, आणि तिथे कोडावर विसंबून भाग बदलायचा म्हटले तर चूक काही हजार डॉलरांची होते. निदानाचे पैसे द्यायची सवय एअर फ्लो सेन्सरच्या स्वस्त शाळेत लागली तर बरे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे दूरचे वाटायला नको. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर आपल्या गाड्यांतले सेन्सर वाढले, दिवे वाढले आणि गल्लीतल्या गॅरेजातही स्कॅनर पोचला. आपल्याकडच्या कित्येक छोट्या पेट्रोल गाड्यांत हवेचे वजन मोजणारा हा सेन्सर नसतोच. तिथे मॅनिफोल्डमधला दाब मोजून संगणक हवेचा हिशेब काढतो, आणि गळतीचे लक्षणही मग वेगळे दिसते. तेव्हा मेकॅनिकला विचारायचा पहिला प्रश्न 'सेन्सर केवढ्याला?' हा नसून 'या गाडीत तो आहे का, आणि तो किती दाखवतो?' हा असायला हवा. घाटात पिकअप मेला, ॲव्हरेज पडले, सिग्नलला गाडी थरथरते, ही तक्रार सांगताना ती थंड इंजिनात होते की गरम, उभी असताना की चढावर, एवढे जरी आपण लिहून नेले तरी निदानाची पहिली पाच मिनिटे वाचतात. आणि बिल हातात आले की एक ओळ मागून घ्यावी, जी आज कुठल्याच छापील नमुन्यात नाही. ती साधारण अशी असेल: सेन्सर तपासला, पूर्ण थ्रॉटलला ७६ ग्रॅम, बदलला नाही, नळीला चीर, नळी बदलली, ट्रिम २२ वरून ३ टक्के, निदानाचे शुल्क वेगळे.